बेडकाचे गाव कोणते?

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घरात मोरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. दर पावसाळ्यात, पहिल्या चार-सहा सरी झाल्या की बंबामागच्या ओल्या भिंतीवर एक पाहुणा येऊन बसायचा. पिवळट तपकिरी अंग, बारीक कंबर, पाय पोटाशी घेतलेले आणि बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या चकत्या. आजी त्याला बेडूक म्हणायला तयार नव्हती. ‘बेडूक कधी भिंत चढतो का? पालीचीच जात ती,’ असा तिचा निकाल होता, आणि तो सुनावून ती केरसुणी घेऊन त्याच्या मागे लागायची.

वर्गीकरण नावाच्या शास्त्राशी माझी ती पहिली गाठ. पुढे हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला, निवृत्त झालो, आणि सह्याद्रीतल्या बेडकांची कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला. तेव्हा कळले की आजीची चूक फारशी अशास्त्रीय नव्हती. मोरीतल्या त्या बेडकाला १८३० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी पहिले शास्त्रीय नाव दिले ते ‘हायला मॅक्युलाटा’. हायला ही युरोपातल्या झाडबेडकांची प्रजाती. बोटांना चकत्या आहेत, चढतो आहे, म्हणजे तिकडच्याच भावकीतला, असा तो हिशोब. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी. चढायची गरज दोन्हीकडे पडली म्हणून दोन्हीकडे चकत्या आल्या, एवढेच. आज त्या बेडकाला ‘पॉलिपीडॅटिस मॅक्युलाटस’ म्हणतात आणि त्याचे कुळ ‘रॅकोफोरिडी’, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडच्या झाडबेडकांचे. चढतो म्हणून आजीने त्याला पालीत घातले आणि ग्रे साहेबांनी युरोपात पाठवले. पुरावा दोघांचाही एकच होता.

मोरीतला हा बेडूक दुर्मिळ मुळीच नाही. त्याच कुळातले दुसरे काही आहेत, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यांत, पावसाळी रात्री करवंदीच्या जाळीतून, कारवीच्या पानांवरून एक बारीक ‘टिक् टिक् टिक्’ ऐकू येते. आवाज दगडावर दगड आपटल्यासारखा, आणि आवाज करणारा अंगठ्याच्या पेराएवढा. विजेरी घेऊन शोधायला गेलात तर तो समोरच्या पानावर असतो आणि दिसत नाही. हे झुडपी बेडूक. त्यांची मोठी नवलाई अशी की त्यांना डबके लागत नाही. अंडी पानावर किंवा ओल्या पाचोळ्यात घातली जातात आणि आतच भैकेराची, म्हणजे बेडकाच्या पिल्लाची, सारी अवस्था उरकते; अंड्यातून शेपटीवाला भैकेर न येता थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. पाण्यात पोहणारे बालपणच नाही. त्यामुळे ओढा असून भागत नाही. हवा, पान आणि पाचोळा सतत ओले राहतील असे रान लागते. असे रान जिथे तुटते तिथे या बेडकाची वस्तीही तुटते. एका डोंगरावरचा बेडूक समोरच्या डोंगरावर सहजी पोचत नाही. म्हणून यांच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येकीचा मुलूख लहान.

आता यांच्या नावांचा इतिहास, जो मला एखाद्या वतनाच्या तंट्यापेक्षा कमी गमतीचा वाटत नाही. १८३८ मध्ये योहान याकोब फॉन चुडी या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने अशा बेडकांसाठी ‘ऑर्केस्टिस’ ही प्रजाती काढली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नर्तक. पण ते नाव चाळीस वर्षे आधीच, १७९८ मध्ये, इलिगर यांनी एका उड्या मारणाऱ्या सोंडकिड्याला देऊन टाकले होते. प्राणिशास्त्रात एक नाव दोन प्रजातींना चालत नाही. ज्याचा कागद जुना त्याचा हक्क. १८४१ मध्ये फ्रान्सच्या द्युमेरिल आणि बिब्राँ यांनी ‘इक्झॅलस’ हे नाव काढले. तेही आधीच, १८३७ मध्ये, ऑगिल्बी यांनी एका शिंगवाल्या सस्तन प्राण्यासाठी वापरलेले निघाले. मधल्या काळात, १८४८ साली, गिस्टेल यांनी ऑर्केस्टिसच्या बदली ‘फिलॉटस’ हे नाव सुचवून ठेवले होते. तरीही भारतात कित्येक वर्षे इक्झॅलसच चालले. सरकारी दफ्तरात मयताच्या नावावर जमीन चालू राहावी, तसे.

नेमक्या त्या काळात आपल्या भागातला एक महत्त्वाचा कागद तयार झाला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या प्राणिजीवनावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात त्यांनी एका झुडपी बेडकाला नाव दिले: ‘इक्झॅलस बॉम्बेएन्सिस’. म्हणजे मुंबईचा.

हा मुंबईचा बेडूक सापडला कुठे? कॅसलरॉकला. ब्रिटिश हद्दीतली रेल्वे जिथे संपून पुढे पोर्तुगीज गोव्यात मुरगावकडे उतरायची, ते घाटमाथ्यावरचे स्टेशन. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून बेडूक मुंबईकर झाला. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, जिल्हा कानडी मुलखात गेला, पण बेडकाचे नाव बदलत नाही. एकदा छापले की छापले. आजही त्याला इंग्रजीत मुंबईचा झुडपी बेडूक म्हणतात. इलाखा नकाशावरून पुसला गेला तरी या पेरभर प्राण्याच्या नावात तो शिल्लक आहे.

या लेखातल्या काही सामग्रीचा आमच्या जिल्ह्याशी संबंध आहे. एफ. एच. ग्रेव्हली हे इंडियन म्युझियममधलेच दुसरे अधिकारी १९१२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात आले होते. त्यांच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘मेढा, येन्ना व्हॅली’, ‘तळोशी, कोयना व्हॅली’ आणि ‘हेळवाक, कोयना व्हॅली’ ही ठिकाणे आहेत. येन्ना म्हणजे आपली वेण्णा. या मुक्कामांतून खेकडे, विंचू, मासे, गोगलगायी असे कितीतरी जीव कलकत्त्याला गेले आणि शास्त्राला माहीत झाले.

इतिहासाच्या माणसाने मात्र अशा चिठ्ठीवरची तारीख आधी वाचावी. एप्रिल. त्या महिन्यात आमच्याकडे ओढ्यांत पाणी गुडघ्याखाली असते, दगड उलटता येतात, वाट कोरडी असते, बैलगाडी चालते. खेकडे आणि मासे पकडायला याहून चांगला काळ नाही. पण झुडपी बेडूक त्या दिवसांत गप्प असतो, आणि गप्प बेडूक सापडत नाही. तो बोलतो जूनमध्ये, तेव्हा त्या काळच्या कोयना खोऱ्यात साहेब जाणे शक्य नव्हते. गावचा माणूससुद्धा चार महिन्यांचे मीठ-मिरची भरून दार लावून घ्यायचा. कॅसलरॉकला रेल्वे होती, स्टेशनावर छप्पर होते. हेळवाकला नव्हते. बेडकांच्या प्रसाराचा जो नकाशा पुस्तकात दिसतो, तो निम्मा तरी माणसाच्या रस्त्यांचा आणि रजेच्या दिवसांचा नकाशा असतो, असे माझे मत हळूहळू होत गेले. कोयनेच्या रानात ठिपका नाही याचा अर्थ तिथे बेडूक नाही असा अनेकदा नसतो. तिथे जुलैत कोणी गेले नाही, एवढाच असतो.

याचा दुसरा दाखला झाडबेडकाचा नाही, भेकाचा आहे; पण त्याच रानाचा असल्याने सांगतो. कोयनेवर धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडले. हेळवाकजवळ कोयनानगर उभे राहिले. जीप जाईल असा रस्ता झाला, वीज आली, बाजार आला. खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि माणसे अनेक जिल्ह्यांत विखुरली. १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी मुंबईच्या ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल सायन्सेस’मध्ये एका नव्या भेकाचे वर्णन प्रसिद्ध केले: ‘बुफो कोयनाएन्सिस’. ठिकाण ‘हुंबली’ गाव, कोयना, जिल्हा सातारा. धरण आणि भेक एकाच रस्त्याने आले, असे मला वाटते. कागदावर तर ते जोडीनेच आले, कारण त्या ठिकाणाच्या नोंदीत ‘शिवाजीसागर’ हे तेव्हा नुकतेच पडलेले जलाशयाचे नावही आहे.

गावाचे खरे नाव हुंबरळी. छापताना मधले ‘र’ गळले आणि इंग्रजीत त्या भेकाला हुंबली गावचा भेक असे एक नाव कायमचे चिकटले. तीन वर्षांपूर्वी मी हुंबरळीला गेलो होतो. चहाच्या टपरीवर ही हकिकत सांगितली, तेव्हा टपरीवाल्या मावशी किटली खाली ठेवून म्हणाल्या, ‘आमच्या गावाचं नाव दिलं, आन् ते बी चुकीचं? मग त्यो बेडूक आमचा कसा?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नामकरणाच्या नियमांत त्याला उत्तर नाही.

हा भेक राहतो जांभ्याच्या सड्यांवर आणि त्यांच्या कडेच्या रानात. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते, त्यात त्याची मादी मोजकीच अंडी घालते. आपल्या अंगणातल्या भेकासारख्या हजारोंच्या लांबलचक माळा नाहीत. खळगे दोन दिवस ऊन पडले तरी आटते, म्हणून सगळे झटपट व्हावे लागते. सड्याला आपण सरकारी भाषेत पडीक म्हणतो. पडीक म्हणून त्यावर रस्ते गेले, खाणी निघाल्या, पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहिले. वीज लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या जमिनीवर काहीच पिकत नाही अशी नोंद सात-बारावर असते, तिथे काय काय पिकते ते लिहायला त्या उताऱ्यात रकाना नाही.

२००९ मध्ये या भेकाचे नाव बदलले. सत्यभामा दास बिजू, इनेस व्हान बॉक्स्लेर, वरद गिरी, सायमन लोडर आणि फ्रँकी बोसुइट यांनी डीएनए आणि शरीररचना तपासून दाखवले की हा साध्या ‘बुफो’पैकी नाहीच. त्याच्यासाठी ‘झँथोफ्रायनी’ ही नवी प्रजाती काढावी लागली. झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्रायनी म्हणजे भेक, कारण त्याच्या अंगावर पिवळे डाग असतात. त्याच लेखात आंबोलीच्या सड्यावरचा त्याचा पट्टेवाला सख्खा भाऊ ‘झँथोफ्रायनी टायगरिना’ या नावाने पहिल्यांदा नोंदला गेला. अख्ख्या जगात ही प्रजाती सह्याद्रीतच आहे. आययूसीएनच्या लाल यादीत आंबोलीचा अतिसंकटग्रस्त आहे, कोयनेचा संकटग्रस्त. सोमणांनी १९६३ मध्ये जे शोधले ते एक नवे घराणेच होते, हे कळायला ४६ वर्षे लागली.

झुडपी बेडकांच्या बाबतीत उलगडा पुढच्या वर्षी झाला. भारतातले हे बेडूक आतापर्यंत ‘फिलॉटस’ म्हणवले जात. त्यांना २०१० मध्ये ‘राओर्केस्टिस’ ही वेगळी प्रजाती मिळाली. हे नाव मला फार आवडते. ‘ऑर्केस्टिस’ म्हणजे तोच चुडीचा सोंडकिड्याने हिरावलेला नर्तक, आणि ‘राओ’ म्हणजे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव, ज्यांनी १९३७ मध्ये पश्चिम घाटातल्या कितीतरी बेडकांचे वर्णन केले. त्यांनी गोळा केलेले मूळ नमुने पुढे हरवले. ज्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक होते, त्याच्याच अंकात हे नाव प्रसिद्ध झाले, आणि लेखकांत पुण्याच्या योगेश शौचे यांचे नाव आहे. नमुने गेले तरी नाव उरले. आमच्या इतिहासात याच्या उलटी उदाहरणे जास्त.

पाठोपाठ २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातून आनंद पाध्ये, साताऱ्याचे अमित सय्यद, अनुश्री जाधव आणि नीलेश डहाणूकर यांनी एक नवी जाती जाहीर केली: ‘राओर्केस्टिस घाटेई’. पुष्कळांना वाटते घाटात राहतो म्हणून घाटेई. तसे नाही. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ ते नाव आहे. घाटातल्या बेडकाला घाटे सरांचे नाव मिळावे, हा योगायोग मराठी माणसालाच कळणार. या वेळी वर्णनात लांबी-रुंदीच्या मापांबरोबर जनुकीय क्रम होता, नराच्या हाकेचे ध्वनिमुद्रण होते, अंड्यातली वाढ होती. अॅनन्डेल यांच्यापुढे बेडूक स्पिरिटच्या बाटलीत होता. या मंडळींपुढे तो ओरडत होता. सारख्या दिसणाऱ्या दोन झुडपी बेडकांचा वाद अनेकदा आवाजावर सुटतो, त्यामुळे हा फरक मोठा आहे.

वाचक विचारतील, नावांच्या या उलथापालथीने बेडकाला काय फरक पडतो? कायद्यात पडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत बेडकांची नोंद होती ती ‘राना’ या प्रजातीच्या नावाने. पुढे शास्त्रज्ञांनी आपल्या बहुतेक राना बेडकांना दुसऱ्या प्रजातींत हलवले. कायद्यातला शब्द होता तिथेच राहिला. कोयनेचा भेक आणि झुडपी बेडूक तर राना कधीच नव्हते. त्यांच्या वाट्याला आले ते वाघाचे छत्र. कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये १९८५ ची, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जागतिक वारशात गेले. वाघासाठी राखलेल्या रानात बेडूक सुखाने राहतो, हे चांगलेच. पण सड्यांचे अनेक तुकडे या रेषेबाहेर आहेत, आणि रेषा आखताना कोणी बेडूक मोजलेले नव्हते.

सांगलीचे उदाहरण घ्या. प्रसाराच्या याद्यांत ‘जिल्हा सांगली’ एवढेच लिहिलेले असते. ज्याने सांगली पाहिली नाही त्याला वाटेल, जिल्हाभर हे बेडूक असणार. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. तिथे टँकरची वाट माणसे पाहतात. बेडकाची सांगली म्हणजे शिराळा तालुक्याचे पश्चिम टोक, वारणेच्या उगमाकडचे चांदोलीचे रान, बस. साताऱ्याचे तेच: माण-खटाव एकीकडे आणि पाटण-जावळीचा पश्चिम काठ दुसरीकडे. जिल्हा हे महसुलाचे माप आहे. बेडकाची हद्द घाटमाथ्यावरचे धुके जिथपर्यंत उतरते तिथपर्यंत, आणि कराडच्या रस्त्याला लागेपर्यंत ती मागे पडलेली असते.

गेल्या जुलैत एक रात्र मी वारणावतीला होतो, चांदोलीच्या वेशीवर. उद्यान पावसाळ्यात बंद, म्हणून रस्त्याच्या कडेलाच छत्री धरून उभा राहिलो. साडेआठला पाऊस जरा उघडला आणि डावीकडच्या जाळीतून सुरू झाले, टिक् टिक् टिक्. मग उजवीकडून दुसऱ्याने उत्तर दिले, किंचित जाड आवाजात आणि सावकाश. फोनवर दोन्ही आवाज घेतले. बेडूक एकही दिसला नाही. पुण्यातल्या एका जाणकार मित्राला मुद्रण पाठवले. त्याने दुसऱ्या दिवशी कळवले की पहिल्याबद्दल त्याला अंदाज आहे, दुसरा पुन्हा ऐकायला हवा, आणि शक्य तर याच दिवसांत पुन्हा जा.

वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, ठिकाण ‘वारणावती, ता. शिराळा’ असे पूर्ण लिहिले, एकही अक्षर न गाळता. नावाचा रकाना मोकळा आहे.